गोठ्याचा हिशेब

आमच्या घराण्यात ठराव करण्याची चाल नाही. लग्ने जुळतात, जमिनीचे तुकडे पडतात, एखादे काका वर्षानुवर्षे बोलेनासे होतात. पण हे सारे पाऊस पडावा तसे घडून येते. कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिले आणि मग ती संमत झाली, असा प्रकार आमच्या ओटीवर कधी झालेला नाही. म्हणून २०२४ सालच्या कोजागरीस आमच्या वडील बंधूंनी सर्वांना मुद्दाम निरोप धाडून बोलाविले, आणि दुधाचे पातेले चुलीवर असतानाच "म्हशी ठेवायच्या की काढायच्या, ते आज ठरवून टाकू," असे ते म्हणाले, तेव्हा त्या वाक्याच्या अर्थापेक्षा त्याच्या सभेस साजेशा थाटाचेच आम्हांस प्रथम नवल वाटले. अर्थ ध्यानी येण्यास थोडा वेळ लागला. आणि त्या अर्थाशी आमचा स्वतःचा संबंध काय, हे कळण्यास तर ती सारी रात्र लागली.

आमची शेती कल्याण तालुक्यात, काळू नदीच्या काठी, टिटवाळ्याच्या पलीकडे आहे. 'आमची' असे म्हणण्याची आम्हांस सवय आहे. वस्तुतः आम्ही ठाण्यास एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो, तेथेच तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि शेतीशी आमचा संबंध तांदूळ, आंबे व अभिमान या तीन पिकांपुरताच उरला आहे. पहिली दोन पिके वर्षातून एकदा येतात. तिसरे बारमाही आहे. भात लावतात ते दादा, आणि म्हशी पाहतात ते दादा व वहिनी. आम्ही मात्र स्नेह्यांच्या बैठकीत, सहकाऱ्यांत, क्वचित वर्गातही, "आमच्या गोठ्यात" या शब्दांनी वाक्याचा आरंभ करीत आलो आहो.

त्या रात्री दूध आटले, त्यात केशर पडले, आणि चंद्र पातेल्यात दिसावा म्हणून ते अंगणात ठेवण्यात आले. पहिला पेला आमच्या हाती आला. एक घोट घेऊन आम्ही आमचे नित्याचे वाक्य उच्चारले, "काही म्हणा, घरच्या दुधाची सर पिशवीच्या दुधाला यायची नाही." यावर आमचा पुतण्या इतका हसला, की त्याला ठसका लागला. वहिनी मात्र संकोचून म्हणाल्या, "भाऊजी, हे पिशवीचंच आहे. आज डोंबिवलीच्या रतिबाला दूध पुरेना. कोजागरी ना, ज्यानं त्यानं जास्त मागितलं. घरचं सगळं तिकडंच गेलं."

या फजितीचा विसर पडावा म्हणून म्हणा, किंवा तीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय म्हणून म्हणा, आम्ही उठून भाषणास आरंभ केला. ते भाषण वाचकांपुढे ठेवणे अवश्य आहे. कारण त्यातील प्रत्येक विधान खरे होते, आणि तरीही ते सारे भाषण खोटे ठरले.

आम्ही म्हणालो, की आपला गोठा हा काही कालपरवाचा धंदा नव्हे. १८५३ साली आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली व पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोचली. तेव्हापासून ठाणे जिल्ह्याचे डोंगरउतार ही मुंबईची गव्हाणच बनली. पावसाळा सरला की गवत कापावे, सुकवावे, दाबून त्याच्या गाठी बांधाव्या आणि त्या मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना कराव्या, असा तो मोठा व्यापार होता. आपले आजोबा अशाच एका गवताच्या वखारीत कारकून होते. गवत मुंबईस नेऊन तेथे त्याचे दूध करण्यापेक्षा दूध येथेच करून ते शहरास पोचवावे, हा साधा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी दोन म्हशी घेतल्या. पहाटे टिटवाळ्याच्या स्थानकावर दुधाचे हंडे घेऊन ते उभे राहत. आंबिवली, शहाड, कल्याण, आणि पुढे त्या काळी लहानशा असलेल्या डोंबिवलीपर्यंत त्यांचा रतीब पोचला.

पुढे १९४९ साली गोरेगावानजीक आरे येथे दुग्धवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेने मुंबईच्या दाटीवाटीच्या तबेल्यांतील म्हशी बाहेर आणून मोकळ्या गोठ्यांत ठेवल्या, आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेव्हा लोक आजोबांस म्हणाले, आता तुमचे संपले. आजोबा टिकले. तिकडे खेडा जिल्ह्यात १९४६ साली शेतकऱ्यांचा सहकारी संघ नोंदला गेला होता. त्याच वाटेने देशभर जाण्यासाठी १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली. लोक वडिलांस म्हणाले, आता संपले. वडीलही टिकले. पिशव्या डोंबिवलीच्या जिन्याजिन्यांवर पोचल्या तरी आपला रतीब चालला. कारण गाईच्या दुधात शेकडा साडेतीन-चार भाग स्निग्धांश असतो, तर म्हशीच्या दुधात सहा-सात, आणि सकाळी पातेल्यावर धरलेली जाड साय ही डोंबिवलीच्या गृहिणीस सहजासहजी सोडवणारी गोष्ट नव्हती.

मग आम्ही शहराकडे वळलो. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. भोवतालची २७ गावे तिच्यात आली, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत आली. आपले गाव त्यांत नसले तरी शहराची सावली गावावर पडायला गाव शहरात असावे लागत नाही. गुरचरणीच्या कडेने भिंती आल्या, माळरानावर फलक लागले, गुराखी मिळेनासा झाला, पेंढ्याचा भाव वाढला. शहराने आपला गोठा गिळला, हा आमचा सिद्धान्त होता. आणि शेवटी, आवाज किंचित खाली आणून, आम्ही म्हणालो, की इतके सारे होऊनही आपल्या घराने एक नेम मोडला नाही. शहरालगतच्या तबेल्यांची रीत सर्वांस ठाऊक आहे. गुजरात-हरियाणाकडून ताजी व्यालेली म्हैस विकत आणावयाची, एक वेत पिळून घ्यावयाचे, आणि ती आटली की काढून टाकून दुसरी आणावयाची. आपल्या घरी तसे कधी झाले नाही. आमच्या दारची म्हैस भाकड झाली तरी दारातच राहते.

दादा सारे शांतपणे ऐकून घेत होते. "झालं?" ते म्हणाले. "आता ह्या वह्या बघ."

त्यांनी लाल कापडी बांधणीच्या वह्यांची एक चवड आमच्यापुढे ठेविली. आजोबांच्या वह्या, वडिलांच्या वह्या, त्यांच्या स्वतःच्या. आयुष्यात आम्ही हजारो पुस्तके वाचली. आमच्याच घरी लिहिली गेलेली ही पुस्तके मात्र कधी उघडून पाहिली नव्हती. दादांनी एका पानावर बोट ठेविले. डावीकडे म्हशीचे नाव, पुढे वेतांची संख्या, आटल्याची तिथी, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : 'दिली'. पुढच्या पानावर तेच. वडिलांच्या वहीत तेच. आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरातही तेच. चंद्री दिली, बांडी दिली, मोरी दिली. यांतील काही नावे आम्हांस बालपणापासून पाठ होती. मामाच्या गावी गेली, असे आम्हांस तेव्हा सांगण्यात आले होते, आणि पुढे मोठे झाल्यावरही, मामांच्या गावी एकही म्हैस नसते हे दिसत असता, आम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नव्हता.

"कोणाला दिली?" आम्ही विचारले.

"व्यापाऱ्याला. पुढचं तू प्रोफेसर आहेस, तुला कळतं."

दादांनी मग आम्हांस गोठ्याचे गणित समजावून दिले. आठ म्हशी आहेत; पण आठही एकदम दुभत्या कधीच नसतात. म्हैस दहा महिन्यांहून थोडी अधिक गाभण असते. व्याल्यावर ती वेळेवर पुन्हा गाभण राहिली तर मधला भाकडकाळ थोडा; पण म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. विशेषतः उन्हाळ्यात ती ना हंबरते, ना काही खूण देते. पाहणाऱ्याची एक वेळ चुकली की वेतांमधले अंतर तीन आठवड्यांनी लांबते, आणि अशा दोनचार चुका झाल्या की पुरा हंगाम हातचा जातो. म्हणून चार दुभत्या, दोन गाभण, दोन भाकड, अशी स्थिती नेहमीची. दुभतीने दिवसास आठ लिटर दिले तर चौघींचे बत्तीस. त्या बत्तीस लिटरांत आठांची पेंड, भुसा, पेंढा, औषधपाणी, गड्याची मजुरी आणि डोंबिवलीपर्यंतचे पेट्रोल. "चौघींनी आठ पोसायच्या," दादा म्हणाले. "आणि त्यातूनच घर चालवायचं. भाकड दारात ठेवली असती तर हे कुठून आलं असतं?" असे म्हणून त्यांनी वडिलांची १९८६ सालची वही उघडली. तेथे महिन्यामागून महिने एकच नोंद होती : 'धाकट्याची फी'. 'धाकट्यास पुस्तके'. 'धाकट्याचा पास'. दादांच्या नावापुढे तशी नोंद नव्हती. त्याच वर्षी त्यांचे शिक्षण सुटले होते.

आम्ही खर्चाच्या रकान्यात होतो. शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, निसर्गाविषयी आम्ही वर्गात काढलेले हळवे उद्गार, हे सारे त्या रकान्यातून आले होते. आणि त्याच पानावर, दोन ओळी खाली, बांडी दिली होती.

इतक्यात आमच्या पुतण्याने स्वतःचे एक पान पुढे केले. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे व डोंबिवलीस हिशेबनिसाच्या कचेरीत काम करतो. त्याने दादांचीच जमाखर्चाची वर्षभराची आकडेवारी घेतली होती. फक्त खर्चाच्या बाजूस दोन ओळी नव्याने घातल्या होत्या : आईची मजुरी, बाबांची मजुरी. दर गड्याचाच धरला होता. त्या दोन ओळींनंतर वर्षाची शिल्लक नाहीशी होऊन उलट तूट दिसत होती. आम्ही म्हणालो, "अरे, घरच्या माणसाची मजुरी कोणी लावतं का?" तो म्हणाला, "काका, बाहेरचा माणूस ठेवला तर लावतोच ना? मग काम तेच असताना आई फुकट कशी?"

या प्रश्नाने आम्हांस एकदम आजोबांच्या गवताची आठवण झाली. आजोबांच्या पहिल्या वहीत 'गवत' या शब्दापुढे जो लहानसा आकडा होता, त्याचे घरात फार कौतुक होत असे. आजोबांस स्वस्त गवत कोठे मिळते ते ठाऊक होते. त्यांचा धंदा जमला तो त्यामुळे. गवत स्वस्त का होते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी, गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा १९७० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना कळले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात १९४५ साली वारली लोकांनी गवत कापण्याचे काम थांबविले. त्यांची मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला व माणसे मेली. आजोबांच्या वखारीचे गवत तिकडचे नव्हते, मुरबाडकडचे होते. पण कापणारे हात त्याच दशेतले होते. आम्ही तो ग्रंथ विद्यार्थ्यांस वाचावयास सांगितला, त्यावर एक व्याख्यानही दिले. मात्र त्याचा धागा आमच्या ओटीपर्यंत येतो, हे आमच्या मनात कधी आले नाही.

आता तो धागा स्पष्ट दिसत होता. तीन पिढ्या आमचा गोठा नफ्यात चालला याचे कारण आजोबांची कल्पकता, वडिलांची चिकाटी, दादांचे कष्ट हे तर होतेच. पण प्रत्येक पिढीत कोणीतरी असा होता, की ज्याचा पुरता हिशेब वहीत धरला गेला नव्हता. आधी गवत कापणारा, मग घरची बाई, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ती आटलेली म्हैस व तिची रेडके. रेडकांचा तर रकानाच नव्हता. ज्या दिवशी सर्वांची नावे खर्चात लिहिली, त्या दिवशी धंदा बुडाला. शहराने आमचा गोठा गिळला, हा आमचा सिद्धान्त अगदीच चूक होता असे नव्हे. पण ज्या डोंबिवलीस आम्ही दोष देत होतो तिनेच ऐंशी वर्षे आमचे दूध विकत घेतले होते. शहराने चारा महाग केला, आणि त्याचबरोबर माणसाचा दिवसही महाग केला. त्यातल्या पहिल्या गोष्टीची तक्रार करणे आम्हांस सोपे जात होते. दुसरीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

हे केवळ आमच्या काळूकाठचेच दुखणे नव्हे. १९९८ पासून दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ साली देशात सुमारे २४ कोटी टन दूध निघाले. दूध उणे झालेले नाही. ज्या इंग्लंडच्या गोठ्यांची वर्णने आम्ही कादंबऱ्यांतून शिकवितो, त्या ब्रिटनमध्ये तीस वर्षांपूर्वी तीस हजारांहून अधिक दूध उत्पादक होते. आज ते दहा हजारांच्याही आत आले आहेत. तेथे म्हशी विरळाच, वारली नाहीत, डोंबिवली नाही. पण जनावराची धार दिवसातून दोनदा काढावी लागते, आणि त्यास रविवार नसतो, हे तेथेही खरेच आहे.

वहिनी या साऱ्या वेळात पेले विसळीत होत्या. आम्ही त्यांस विचारले, "वहिनी, तुमचं मत काय?" त्या क्षणी आमच्या ध्यानात आले, की हा प्रश्न आम्ही त्यांस लग्नानंतर पस्तीस वर्षांत प्रथमच विचारीत होतो. त्या म्हणाल्या, "मत कसलं भाऊजी? तुमच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता टाकून तीनच्या गाडीनं परत आले. जेवलेही नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही." खरोखरच आमच्या लक्षात आले नव्हते. समारंभाच्या छायाचित्रांत दादा-वहिनी नाहीत, याचे कारण आम्ही छायाचित्रकाराचा निष्काळजीपणा हे समजत होतो.

२००५ सालच्या जुलैची २६ तारीख आम्हांस तेव्हा आठवली. त्या दिवशी आम्ही ठाण्यास अडकून पडलो होतो. उल्हास आणि काळू दोन्ही फुगल्या. रात्री पाणी गोठ्यात शिरले. दादा व वहिनी यांनी छातीभर पाण्यात उभे राहून कोयत्याने अकरा म्हशींची दावी कापली आणि त्यांस अंधारात सोडून दिले. म्हैस पोहते, तिसऱ्या दिवशी नऊ जणी आपापल्या पायांनी परत आल्या. या प्रसंगावर आम्ही महाविद्यालयाच्या वार्षिकात एक लेख लिहिला, आणि तो वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे डोळे पाणावले. त्या रात्री दादांची २००५ ची वही आम्ही पाहिली. तेथे लिहिले होते : 'पूर. २ गेल्या. दावी ११, नवी.'

तरी माणसाचे मन सहजी हार खात नाही. आम्ही तडजोड सुचविली. सगळ्या नकोत, घरापुरत्या दोन ठेवाव्या. गोठा अगदीच रिकामा वाईट दिसेल. दादा हसले. "दोन म्हशींनाही साडेतीनच वाजतात," ते म्हणाले.

यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही. आईकडे सर्वांनी पाहिले. ती ऐंशीच्या घरात आहे. ऐकू कमी येते, पण अशा वेळी नेमके येते. ती म्हणाली, "गोठा गेला की घर गेलं, असं तुमचे आजोबा म्हणायचे. पण ते धारेला कधी बसले नाहीत. धारेला सासूबाई बसायच्या. त्यांच्यामागून मी, माझ्यामागून ही. आता हिला उठू दे." ठराव संमत झाला. विरुद्ध मत कोणाचेच पडले नाही, आमचेही नाही.

दिवाळीतील पाडव्यास आमच्याकडे गुरांना रंगवून, माळा घालून पेटत्या गवतावरून उडवितात. त्या वर्षीही उडविले. दुसऱ्या आठवड्यात मुरबाड तालुक्यातील एक शेतकरी येऊन चार दुभत्या व दोन गाभण म्हशी घेऊन गेला. त्याच्या गावास अजून डोंगर आहे, चराई आहे, आणि घरात उठणारी माणसे आहेत. त्यांचाही हिशेब एक दिवस कोणीतरी मांडील. टेंपोत चढताना एकही म्हैस मागे वळून पाहत नव्हती. मागे वळून पाहणे हा माणसाचा धर्म आहे, आणि तोही बहुधा न उठणाऱ्या माणसाचा.

रतिबाच्या बेचाळीस घरांपैकी बहुतेकांनी एका दिवसात पिशवी लावली. डोंबिवलीच्या फडके मार्गाजवळच्या एका आजींनी तेवढा दादांस आत बोलावून चहा दिला व विचारले, "आता तुम्ही दूध कुठून घेणार हो?" दादा घरी येऊन हा प्रश्न सर्वांस पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांना त्याचे उत्तर अजून सुचलेले नाही.

राहिल्या दोन भाकड. व्यापारी येऊन गेला होता. आम्ही दादांस म्हणालो, "यांना 'दिली' लिहू नका. यांचा खर्च आम्ही देऊ." दादांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. "खर्च देशील," ते म्हणाले. "आणि शेण?" आम्ही निरुत्तर झालो. शेवटी त्यांनाच दया आली. आमची की म्हशींची, ते कळले नाही. "राहू देत. दूध नाही म्हणजे साडेतीन नाही. सकाळी सातला उठून शेण काढायला माझी ना नाही." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही ठरलेली रक्कम पाठवितो. त्यामुळे आमची जुनी बाकी फिटते असा आमचा समज नाही. चंद्री, बांडी, मोरी यांस त्याचा काही उपयोग नाही. पण मागच्या खेपेस आम्ही वही पाहिली. जमेच्या बाजूस दादांच्या टोकदार अक्षरात लिहिले होते : 'धाकट्याकडून आले.' एवढ्या वर्षांत त्या बाजूस आमचे नाव प्रथमच दिसले.

वहिनी मार्गशीर्षात माहेरी गेल्या. त्यांचे माहेर वाड्याकडे आहे. फार दूर नाही, पण दूर असते तरी फरक पडला नसता, कारण पस्तीस वर्षांत तेथे त्यांचा मुक्काम असा झालाच नव्हता. चारपाच दिवस म्हणून गेलेल्या त्या नऊ दिवसांनी आल्या. आम्ही त्या दिवशी गावीच होतो. कसे काय झाले, असे विचारता त्या म्हणाल्या, "पहिले सात दिवस बरोबर साडेतीनला जाग यायची. अंधारात उठून बसायची, आणि आता करू काय ते कळायचं नाही. आठव्या दिवशी उठले तो उन्हं आली होती. भावजय चहा घेऊन उभी. एवढी लाज वाटली, भाऊजी, काय सांगू." मग थोडे थांबून म्हणाल्या, "म्हणून अजून एक दिवस राहिले. पुन्हा तसंच होतं का, ते बघायला."

"मग? झालं?"

"झालं," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दोघींना पेंढा टाकावयास गोठ्याकडे गेल्या.